जेजून म्हणजे पोचट

बाबांना 'बोर' या शब्दाचा भयंकर राग यायचा. तेव्हा तो शब्द आमच्याकडे नवा नवा आला होता. गडचिरोलीच्या एसटीतून उतरला असेल, नाहीतर कोणाच्या घरच्या टीव्हीतून बाहेर पडला असेल, पण एका पावसाळ्यात गावातल्या साऱ्या पोट्ट्यांच्या तोंडी तो बसला तो बसलाच. भूगोल बोर, पाऊस बोर, लाखोळीची डाळ बोर. वर्गात कोणी तो उच्चारला की बाबा खडू खाली ठेवायचे. "बोर झाडाले लागते. तू मले सांग, नेमकं काय झालं तुले? झोप आली का? समजलं नाई का? का त्यात समजण्यासारखं काईच नव्हतं? हे वेगवेगळे रोग आहेत बापा, साऱ्याईले एकच गोळी कशी चालंल?" पोट्टे खिदळायचे. मी त्याच वर्गात, नववीत, खिडकीजवळच्या बाकावर असायची आणि मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढत राहायची. बाप मास्तर असण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. आता माझी पन्नाशी उलटली, सारा जन्म चंद्रपूरला दवाखान्यात नर्स म्हणून गेला, आणि पेशंट 'कसंतरीच होऊन राह्यलं' म्हणाला की मीही हातातलं काम थांबवून विचारते, कसंतरीच म्हणजे नेमकं काय? ही खोड बाबांची. बाकी त्यांच्याकडून मला फार काही मिळालं नाही, कारण त्यांच्याजवळच नव्हतं.

बाबा आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि त्यांना पगार नव्हता. हे मी आजकालच्या पोरींना सांगते तेव्हा त्या विचारतात, म्हणजे कमी होता का? नाही बाई, कमी नव्हता. नव्हता म्हणजे नव्हता. शाळा विनाअनुदानित होती. संस्थेच्या अध्यक्षांनी गावाबाहेर चार खोल्या बांधल्या, दोनांवर कौलं घातली, दोनांवर पत्रे टाकले, आणि शिकलेली माणसं गोळा करून सांगितलं की सरकारची तपासणी होईल, शाळेला अनुदान मिळेल, अनुदान आलं की सगळ्यांचा पगार सुरू होईल. तोवर सेवा समजा. बाबांनी ती सेवा समजली. मी बोलायला लागले तेव्हा 'आई', 'बाबा' यांच्या मागोमाग 'अनुदान' म्हणाले असेन, इतका तो शब्द घरात होता. पोरीचे कान टोचायचे आहेत, अनुदान आल्यावर. छपरीवरची कौलं फिरवायची आहेत, अनुदान आल्यावर. दरवर्षी तपासणी यायची असे आणि दरवर्षी साहेबाची बदली होत असे, गाडी बिघडत असे, नाहीतर निवडणूक लागत असे. आशा माणसाला जगवते म्हणतात. मी आमच्या घरात पाहिलं ते असं, की तिनं एका धडधाकट माणसाला जागच्या जागी बसवून ठेवलं.

घर चालवायची आई. आमच्या धानाच्या दोन बांध्या होत्या, त्यांच्यात वर्षाचा भात जेमतेम निघायचा. रोवण्याच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या बांध्यांत दिवसभर चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, रोवायची, उन्हाळ्यात मोह वेचायची, आणि हे सगळं करताना तिचं तोंड चालू असायचं. आईची जीभ साऱ्या गावाला ठाऊक होती. सकाळी पेज, दुपारी भात नि लाखोळीची डाळ, रात्री पुन्हा तेच. डाळीत भेदरं, म्हणजे टोमॅटो, पडलं की आम्ही त्याला सण म्हणायचो, आणि नदीकडून कोणी वाळलेले झिंगे आणून दिले की आई ते तव्यावर नुसते भाजून वर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, कापून टाकायची. त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. बाबांचा शाळेचा पांढरा सदरा एकच होता. तो आई रोज संध्याकाळी धुऊन छपरीत टांगायची, सकाळी तांब्यात निखारे घालून तो तांब्या सदऱ्यावर फिरवायची. त्या वेळी शेजारची गिरणी सुरू झालेली असायची. तिच्या पट्ट्याचा फटफट आवाज आणि आईची बडबड दोन्ही एका सुरात चालायचे. "इस्त्री करून देते साहेबाले. पगार नाई, पण कडक इस्त्री पाह्यजे. जा, जा, पोट्ट्याईले डिक्शनरी पाजा."

डिक्शनरी म्हणजे बाबांची एकमेव इस्टेट. तिचं कव्हर कधीच गेलेलं, सुरुवातीची पानं वाळवीनं नेलेली. त्यातून ते रोज एक शब्द काढायचे आणि शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचे, खाली अर्थ, त्याखाली वाक्य. अर्थावर त्यांचा फार भरवसा नसे. "अर्थ पाठ करणारे लई असते. वापर पाहा. कोणाले म्हणायचं अन् कोणाले नाई म्हणायचं, ते ज्याले समजलं त्याले शब्द समजला." त्या वर्षी 'बोर'वर उपाय म्हणून ते 'डल'च्या मागे लागले होते. सुरी डल असेल तर बोथट, पोरगा डल असेल तर मठ्ठ, रंग डल असेल तर मळका, बाजार डल असेल तर मंदा, असं एकेक लावत गेले. आणि मग त्यांना तो शब्द सापडला. जेजून. असा शब्द इंग्रजीत आहे हे आमच्या जिल्ह्यात तेव्हा दुसऱ्या कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. त्याचं मूळ म्हणे उपाशी या अर्थाच्या कुठल्यातरी जुन्या शब्दात होतं. कंटाळवाणं, पण नुसतं कंटाळवाणं नाही. ऐकताना वाटतं आपल्याला काहीतरी वाढलं जातंय, आणि उठल्यावर कळतं पोटात काहीच गेलं नाही. याला मराठीत काय म्हणावं यावरून बाबा कितीतरी दिवस बेचैन होते. अळणी म्हणावं तर अळणी डाळीत मीठ टाकता येतं. नीरस म्हणावं तर चघळलेला ऊसही नीरस असतो, पण त्याच्यात आधी रस होता. जेवता जेवता ते घास हातात धरून थांबायचे. "नाई. मुळातच सत्त्व नसलेलं. पण वरून भरलेलं दिसणारं." आई म्हणायची, "खा आता. डाळ निवून राह्यली."

त्या दिवशी दुपारी आई अंगणात धान पाखडत होती. सूप वर जायचं, खाली यायचं, आणि हलका फोल उडून बाजूला पडायचा. बाबा बाजेवर बसून तिला तो शब्द समजावत होते, म्हणजे खरं तर स्वतःलाच समजावत होते. भाषण जेजून असतं, पुस्तक जेजून असतं, आश्वासन जेजून असतं, असं त्यांचं लांबत चाललं होतं. आईनं सूप खाली आदळलं.

"अजी, मंगापासून काय सांगून राह्यले तुमी? बोलणं भल्लं लांब, आत दाणा नाई." तिनं उडून पडलेल्यातली मूठभर उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. "हे पाहा. वरून धान दिसते का नाई? दाबा. दाबून पाहा. पोचट. तुमचं अनुदान पोचट, तुमची शाळा पोचट, अन् तुमचा तो अध्यक्ष बोलते ते तं सारंच्या सारं पोचट."

बाबा बाजेवरून उठले. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांनी तिच्या हातातली ती मूठ आपल्या ओंजळीत घेतली आणि माझ्याकडे वळून ओरडले, "पोचट! सुने, आयकलं का? पोचट! हेच ते. धानालेबी म्हणते अन् बोलण्यालेबी म्हणते!" आणि अंगणात गोल फिरले.

"बाप्पा!" आई मला म्हणाली. "शिवी देल्ली तं नाचून राह्यला हा माणूस."

त्यानंतर तो शब्द आमच्या घरचाच झाला. रेडिओवरची बातमी जेजून, सरपंचाचा न्याय जेजून, मावशीचं रडणं जेजून. आईला तो फार आवडला होता, कारण शिवी असून शिवी वाटत नसे. पण ती तो कशालाही लावायची, पातळ ताकालाही, आणि बाबा प्रत्येक वेळी टोकायचे. "ताकाले नाई म्हणता येत. वस्तूले नाई म्हणत. बोलण्याले म्हण, विचाराले म्हण, धड्याले म्हण." आई म्हणायची, "तुमच्या इंग्रजीपेक्षा माह्यं ताक बरं, प्यायले तरी येते."

त्याच सुमारास घुग्घुसहून मामा आला. मामा कोळशाच्या खाणीत होता, पाळी संपवून तसाच मोटरसायकलवर बसून निघाला होता, आणि अंगणात उतरला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्यासुद्धा काळ्या होत्या. तोंड धुऊन तो बाबांजवळ बसला. ट्रकांचं वजन करतात त्या काट्यावर एका ठेकेदाराला लिहिता-वाचता येणारा भरवशाचा माणूस हवा होता. "भाऊजी, उन्हात उभं राहाचं काम नाई. खुर्चीवर बसाचं. महिन्याच्या महिन्याले पगार. राहाले खोली. पोरीले तिथी शाळेत टाकू. मी शब्द टाकून ठेवला, तुमी फक्त हो म्हणा." आई चुलीजवळून काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे किती जीव तिचा त्या नोकरीत अडकला होता ते मला कळलं. बाबा म्हणाले, "दिवाळीनंतर तपासणी आहे. यावेळी पक्की आहे. तेवढी होऊ दे." मामानं आईकडे पाहिलं, आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मामा म्हणाला, "होऊ द्या. तोवर मी धरून ठेवतो."

आणि तपासणी खरंच लागली. तपासणीचे काही ठरलेले उद्योग असतात, ते ज्यांनी केले त्यांनाच माहीत. पट कमी पडत होता म्हणून शेजारच्या गावांतून पोट्टे उसने आणले. त्यांना गणवेश घालून बघितले, कोणाची चड्डी घोट्यापर्यंत, कोणाची फाटायला आलेली. कुणाला कोणत्या नावाला 'हजर' म्हणायचं ते पाठ करून घेतलं. आणि सगळ्यात मोठा धडा हाताचा. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे, एकही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. मास्तर उजव्या हाताच्याच पोराला उठवणार. हेडमास्तरांनी आमच्याकडून याची इतकी तालीम करून घेतली की घरी आईनं 'भात पाह्यजे का' विचारलं तरी माझा उजवा हात वर जायचा. बाबांनी आदर्श पाठासाठी जेजून हाच शब्द निवडला. हेडमास्तर म्हणाले, "काऊन सर, सोपा काई घ्या ना. हॅपी घ्या." बाबा म्हणाले, "हॅपी सारेच घेते."

साहेब आले ते सकाळीच, जीपमधून, बरोबर दोन माणसं. मैदानात मांडव घातला होता. आधी स्वागतगीत, मग अध्यक्षांचं भाषण. अध्यक्षभाऊ मोठा उमदा माणूस, पांढरेशुभ्र कपडे, बोलायला उठला की बसायचं विसरायचा. "शिक्षण म्हणजे काय? तं शिक्षण म्हणजे शिक्षण. शिक्षण नाई, तं काई नाई. अन् शिक्षण आहे, तं सारं आहे." असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. उसने पोट्टे पेंगायला लागले. एकजण बसल्या बसल्या कलंडला. साहेब घड्याळाकडे पाहत नव्हते, पण त्यांचा पाय हलत होता.

मग ते आमच्या वर्गात आले, पाठोपाठ अध्यक्ष, हेडमास्तर, सगळे. मी पाण्याचा ट्रे घेऊन दाराशी उभी होते. बाबांनी टेबलावर काचेच्या ग्लासात पाणी ठेवलं होतं. एका मुठीतलं धान त्यांनी त्यात सोडलं, ते तळाला गेलं. दुसऱ्या मुठीतलं सोडलं, ते वर तरंगलं. "दोन्ही दिसायले सारखे," बाबा म्हणाले, "पाण्यात टाकल्यावर समजते. असंच बोलण्याचंही असते." मग फळ्यावर शब्द लिहिला, अर्थ लिहिला. मी बाबांना इतकं छान शिकवताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. कडक इस्त्रीचा तो सदरा, आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, सगळं त्यांना त्या दिवशी जमत होतं. साहेब पुढं सरकून बसले. त्यांनी विचारलं, "कोण वाक्य सांगेल?" आणि सगळ्या वर्गानं हात वर केले.

साहेब हसले. ते कधीकाळी स्वतः मास्तर होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी उजव्या हातांकडे पाहिलंच नाही. सरळ शेवटच्या बाकावरच्या एका डाव्या हाताकडे बोट केलं. "तू सांग." तो शेजारच्या गावचा मुरल्या, उसना, त्याला आपलं त्या दिवसाचं नावसुद्धा धड आठवत नव्हतं. हेडमास्तरांनी रुमाल काढला. मुरल्या उठला, चड्डी सावरली, आणि म्हणाला, "साहेब, यंदा आमचं धान जेजून झालं. तुडतुड्यानं खाल्लं."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. अध्यक्षांनी टाळी वाजवली, हेडमास्तरांनी वाजवली, पोट्ट्यांनी वाजवली. तिथं थांबायचं होतं. दुसरा कोणताही मास्तर तिथं थांबला असता. बाबांनी टाळ्या थांबायची वाट पाहिली आणि म्हणाले, "नाही साहेब. चुकलं त्याचं. धानाला पोचट म्हणता येते, जेजून नाही म्हणता येत. हा शब्द बोलण्याला आहे, लिहिण्याला आहे. वापर चुकला तर अर्थ माहीत असून काय फायदा?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही द्या, सर. या मुलांना माहीत असलेल्या गोष्टीवरच द्या, म्हणजे कळेल."

मी आजही ते डोळ्यांपुढे आणते. बाबा विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, राग नव्हता. ते फक्त उदाहरण शोधत होते, वर्गातल्या प्रत्येक पोरानं, उसन्या पोरानंसुद्धा, ऐकलेलं असं बोलणं. आणि ते त्यांना सापडलं. खडूनं फळ्यावर लिहीत त्यांनी मोठ्यानं वाचलं, "द स्पीच वुई हर्ड धिस मॉर्निंग वॉज लाँग अँड जेजून."

साहेब कौलांकडे बघायला लागले. त्यांच्या मिश्या हलत होत्या. मग ते म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर वापर आहे." अध्यक्षांना त्यातला 'स्पीच' तेवढा कळला. त्यांनी छातीवर हात ठेवला, थोडे वाकले आणि म्हणाले, "साहेब, आमचे मास्तर भल्ले हुशार आहेत." आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई भाताचा गंज उतरवत होती, तो तिनं तसाच खाली टेकवला. "अध्यक्षाले म्हणलं तुमी? तोंडावर?"

"अवं, मी अपमान नाई केला कोणाचा," बाबा म्हणाले. "उदाहरण देल्लं. दुसरं कोणतं बोलणं साऱ्याईनं आयकलं होतं, सांग?"

"त्याले इंग्रजी येते का?"

"नाई."

"मंग जेवा गपचूप. अन् पुन्हा तो शब्द तोंडातून काढाल तं याद राखा."

जाताना साहेबांनी बाबांचा हात हातात घेतला होता आणि म्हणाले होते, तुमची शाळा झाली समजा. तेवढ्यावर बाबांनी घुग्घुसला निरोप धाडला की काट्यावर दुसरा माणूस बघा. आईनं त्या दिवशी त्यांच्याशी भांडण केलं नाही, नुसती रडली. तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं. ती म्हणाली, "हातचं सोडून राह्यले तुमी. हातचं." बाबा तिला समजावत राहिले की आता फक्त कागद यायचा राहिला.

कागद येईपर्यंत अध्यक्षांनी मात्र तो शब्द साऱ्या पंचक्रोशीत पोचवला. साहेबासमोर आपल्या भाषणाचं इंग्रजीत कौतुक झालं, हे ते लग्नात सांगायचे, गोठ्यात सांगायचे, बाजारात सांगायचे. माइक हातात आला की सुरुवातच तशी, "मंडळी, आपलं भाषण म्हणजे एकदम जेजून असते." खाली उतरले की लोक म्हणायचे, "भाऊ, आज तं लईच जेजून बोलले." एका बारशात बाबा आणि मी पंगतीत बसलो होतो आणि अध्यक्ष पाळण्याशेजारी उभे राहून म्हणाले, "लेकरू मोठं होऊन माह्यासारखं जेजून निघो." माझं हसू थांबेना. बाबांनी पानावरचा लाडू उचलला आणि परत ठेवला. त्यांची भूकच गेली होती. माझ्या लक्षात आलं की बाबा घाबरले आहेत.

अनुदान आलं. खरंच आलं. आईनं त्या दिवशी गोड भात केला, शेजारी वाटला, आणि मला म्हणाली की कान टोचून घेऊ आता. शाळेत सत्काराचा कार्यक्रम झाला. त्याला अध्यक्षांचा पुतण्या विलास आला होता, नागपूरहून नुकताच बीएड करून आलेला, इंग्रजीचाच. अध्यक्षांनी माइकवर नेहमीची सुरुवात केली आणि विलास स्टेजवरच फिस्सकन हसला. रात्री घरी गेल्यावर त्यानं काकाला अर्थ सांगितला. हे आम्हाला हेडमास्तरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

अध्यक्ष आमच्याकडे आले ते भर दुपारी, एकटे. बाजेवर बसले, पाणी प्यायले, चहाही घेतला. मग म्हणाले, "मास्तर, इंग्रजीची एकच जागा मंजूर झाली."

"हव," बाबा म्हणाले.

"विलासचं वय चाललं. त्याले कुठी लावाचं? तुमच्याजवळ तं बांध्या आहेत."

"मीही बीएड आहे, भाऊ. शाळा निघाली तेव्हापासून आहे."

"हव ना, कोण नाई म्हणते? अन् माह्या मनात काई नाई, मास्तर. साहेबापुढं जे बोलले ते बोलले. मी काई मनात ठेवत नाई." मनात काही न ठेवणारा माणूस ते बाजेवर बसून तीनदा म्हणाला.

आई दारातून बाहेर आली. तिच्या हातात सूप होतं. "इतकी वर्षं फुकट राबवलं," ती म्हणाली, "अन् आता घास तोंडाशी आला तं ताट उचललं? अध्यक्षभाऊ, तुमाले पोरीबाळी आहेत का नाई? रातच्याले झोप येते का तुमाले?" अध्यक्ष जमिनीकडे पाहत होते. आई आणखी खूप बोलली, इथं लिहिता येणार नाही असंही बोलली. मला वाटत होतं बाबांनी आता उठावं. अध्यक्षांच्या सदऱ्याची कॉलर धरावी, शिवी द्यावी, निदान फळ्यावर लिहिलं होतं ते वाक्य मराठीत करून त्यांच्या तोंडावर फेकावं. शब्दांचा एवढा डोंगर त्यांच्याजवळ होता. त्यातला एक तरी काढावा.

आई मरेपर्यंत म्हणत राहिली की त्या एका वाक्यानं आपली भाकरी गेली. बाबा म्हणायचे, जागा पुतण्यालाच जायची होती, ते वाक्य नसतं तर दुसरं काही निघालं असतं. मी दोघांचं ऐकलं आहे आणि मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं आईचं खरं, आणि बाबांचा इतका राग येतो की काही विचारू नका. एक शब्द बरोबर वापरायचा म्हणून बायकोपोरीला उघड्यावर टाकायचं? मग तो वर्ग आठवतो, ते पाण्यावर तरंगणारे दाणे आठवतात, आणि राग धरवत नाही.

त्या दुपारी मात्र बाबांनी आईला हातानं थांबवलं. घसा साफ केला. "भाऊ, एक विचारू का?"

"विचारा ना."

"पोट्ट्यांची परीक्षा तोंडावर आली. पोर्शन अर्धा बाकी आहे. परीक्षा होईस्तोवर मी येत जाऊ का?"

अध्यक्षांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "या ना! तुमाले कोण नाई म्हणते? शाळा तुमचीच आहे."

आणि बाबा गेले. दुसऱ्या दिवशीपासून गेले, परीक्षा होईपर्यंत रोज गेले. त्यांच्या सदऱ्यावर तांब्या फिरवायचं आईनं बंद केलं, तर चुरगळलेलाच घालून गेले. विलास ऑफिसात बसून पेपर वाचायचा आणि तासाची घंटा झाली की म्हणायचा, "सर, तुमीच घ्या, पोट्ट्याईले तुमची सवय आहे." इंग्रजीचे सगळे तास बाबांनीच घेतले. महिना भरला तेव्हा शाळेत पहिला पगार झाला. विलासनं पेढे वाटले. बाबांनी आपल्या वाटचा पेढा खाल्ला नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवला, आणि घरी येऊन माझ्या हातावर दिला. मी कागद उघडला होता. आईनं तो पेढा माझ्या हातातून ओढून घेतला आणि अंगणात कोंबड्यांपुढं भिरकावला.

बाबा कोंबड्यांकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "अवं, पोरीनं खाल्ला असता."